दरेकसावालीचं नाव

ग्रामसभेत माणसानं तोंड उघडू नये. उघडलंच तर जांभई द्यावी आणि मिटावं. मी मात्र उघडून एक पूर्ण वाक्य बोललो, आणि त्या वाक्यानं माझी अशी काही फरफट केली की आता कुणी सभेचं आमंत्रण घेऊन आलं तरी मला ताप भरल्यासारखं होतं.

कोसमटोला हे देवरीकडचं आमचं गाव. मी राहतो गोंदियात, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेलो. उभ्या नोकरीत मी पाण्याचा एक थेंबही इकडचा तिकडे केला नाही, त्याबद्दलचे कागद मात्र पुष्कळ केले. गावात थोडी धानाची शेती आहे, आणि शेतीच्या वरच्या अंगाला एक बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. पाऊस दगा देतो तेव्हा हीच बोडी धान वाचवते. या बोडीचा गाळ काढून तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नावाचा दगड बसवायचा असं सरकारी योजनेत ठरलं, आणि त्यासाठी ग्रामसभा होती. आई म्हणाली मी येणार. आई म्हणजे कुंदाबाई. तिनं एकदा काही ठरवलं की आम्ही फक्त ऑटो ठरवतो.

सगळं गाव त्या बोडीला दरेकसावालीची बोडी म्हणतं. दरेकसावाली ही माझ्या पणजोबांची आई. ती तरणीताठी असतानाच नवरा गेला. शेतात बोडी खोदायची तिची इच्छा होती आणि दिरांची नव्हती. तेव्हा तिनं शेताच्या मधोमध चूल मांडली आणि सांगितलं, आजपासून स्वयंपाक इथंच; ज्याला जेवायचं असेल त्यानं आधी टोपलंभर माती काढून पाळीवर टाकायची. दीर तगडे होते, पण भूक त्यांच्याहून तगडी. अशी ती बोडी सासरच्यांच्या जेवणावर खोदली गेली. माझ्या खात्यानं ही पद्धत कधीच वापरली नाही, नाहीतर जिल्ह्याचं भलं झालं असतं.

तर सरपंच भुपेंद्र माईकवर म्हणाला, "दरेकसावाली म्हंजे कोन जी? सरकारी गोट्यावर मानसाचं नाव पायजे. नसन तर आमच्या आज्याचं टाकून देऊ. त्यायनं एक डाव पाळ बुजवली होती."

भुपेंद्रच्या आजोबांनी पाळीला पडलेलं एक भगदाड बुजवलं होतं हे खरं आहे. ते त्यांच्याच म्हशीनं पाडलं होतं, हेही खरं आहे. आईनं मला कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो आणि ते वाक्य बोललो: "आमच्याच घरातली बाई आहे. तिचं नाव मी आणून देतो."

सभेत एकच टाळी वाजली. ती आईची होती.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. सून घरात आली की तिला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. माझी आई आमगावची, म्हणून सगळं कोसमटोला तिला आमगाववाली म्हणतं. माझी बायको अल्का गोंदियाची. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेली तेव्हा विहिरीवरच्या बायका "गोंदियावाली आली वो" म्हणाल्या, आणि अल्कानं पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आवाजात "माझं नाव अल्का आहे" असं सांगितलं. बायकांनी ते प्रेमानं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं वो, गोंदियावाली." यात कुणाला काही वाईट वाटत नाही. पण नाव शोधायला निघालो तेव्हा माझ्या लक्षात आलं की या रीतीनं माझ्या हाती बाईऐवजी दरेकसा नावाचं रेल्वे स्टेशन दिलं आहे.

परतीच्या बसमध्ये मी आईला म्हटलं, "तुला कशाला एवढी हौस त्या नावाची?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "गोट्यावर वाचीन म्हनतो मरायच्या आधी," ती म्हणाली. साक्षरतेच्या वर्गात उतारवयात ती अक्षरं शिकली आणि तेव्हापासून दुकानांच्या पाट्या जोडून जोडून वाचते. "एवढी बोडी खोदली तिनं, अन् तिचंच नाव नाही राहिलं. मंग मी तं जन्मभर नुसत्या भाकरी थापल्या. माहं काय राहीन रे?"

मी तिकिटं नीट आहेत का ते बघितलं.

गोंदियातल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, शेजारी तिवारीजी राहतात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा पडून आहे. मी नाव शोधतोय हे ऐकताच ते चहाच्या कपासकट आत आले. "चंद्रशेखरभाई, डीएनए करवा लो," ते म्हणाले.

"उसमें नाम निकलता है क्या?"

"सब निकलता है. खून में सब लिखा रहता है."

मी म्हटलं, रक्तात लिहिलेलं असतं तर साखरेची तपासणी करणाऱ्या मुलानं ते एव्हाना वाचलं असतं. तिवारीजींना राग आला नाही. त्यांना राग येत नाही, हीच त्यांची अडचण आहे. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंनी अंगात येणारी एक म्हातारी सुचवली. म्हणाल्या, ती मेलेल्या माणसाशी थेट बोलते, फक्त त्या माणसाचं नाव सांगावं लागतं.

मी सरकारी माणूस. मी सरकारी मार्गानं गेलो. जुन्या कागदांची नक्कल मागायला तालुक्याला एका कार्यालयात अर्ज केला. तिथल्या तरुण बाबूनं माझा अर्ज दोन बोटांत धरून वाचला.

"मृत्यूचा दाखला जोडला नाही."

"अहो, त्या राणीच्या राज्यात वारल्या."

"कोणत्याही राज्यात वारल्या तरी दाखला लागतो. त्याशिवाय त्या वारल्या हे ऑफिसनं कसं समजायचं?"

"मग त्या जिवंत आहेत असं समजा आणि त्यांना निराधार पेन्शन सुरू करा."

तो शांतपणे म्हणाला, "त्यासाठी हयातीचा दाखला लागेल."

मी खचलो. मला त्याचा राग येत नव्हता, मला गहिवरून येत होतं. हे उत्तर उभ्या आयुष्यात मी किती जणांना याच शांतपणानं दिलं होतं! आज प्रथमच ते खिडकीच्या बाहेरून ऐकलं, आणि ते बाहेरून फारच वेगळं ऐकू येतं.

पुष्कळ खेटे घातल्यावर नक्कल मिळाली. मी ती तिथल्या वडाखाली उभा राहून वाचली. बोडीच्या पुढं कब्जेदार म्हणून लिहिलं होतं: "बेवा सोमाजी." म्हणजे सोमाजीची विधवा. इंग्रज साहेबानं साऱ्या मुलखातल्या झाडांची मोजदाद केली, आंबा किती, मोह किती ते लिहिलं, आणि चूल मांडून बसलेल्या बाईला तिचं नाव तेवढं विचारलं नाही. बहुतेक त्यालाही आधी टोपलंभर माती काढायला सांगितली असावी.

मी ती नक्कल घेऊन तसाच कोसमटोल्याला गेलो. ग्रामसेवकानं वाचून मान हलवली. "मग 'श्रीमती बेवा सोमाजी सरोवर' असं टाकायचं काय?" मी नक्कल घडी करून खिशात ठेवली आणि त्याला नमस्कार केला. भुपेंद्र पलीकडे बसून पान खात होता. आपल्या आजोबांचा फोटो त्यानं भिंतीवरून उतरवून पुसायला घेतला होता.

घरी आलो तर आई म्हणाली, "सासरी नाही ना सापडली? मंग माहेरी जाऊन पाय. माहेरी पोरीले नावानंच बोलावतेत."

इतकी साधी गोष्ट मला कशी सुचली नव्हती याचं मला वाईट वाटलं, आणि ती तिवारीजींना ऐकू गेली याचं त्याहून वाईट वाटलं. ते कुंपणाशीच उभे होते. "दरेकसा? अरे, वो तो मेरा इलाका है!" तिवारीजींनी नोकरीच्या काळात दरेकसावरून हजारदा गाडीनं प्रवास केला असेल, पण तिथं पाय एकदाही ठेवलेला नव्हता. हे मला गाडीत कळलं, आणि तोवर ते आमच्या समोरच्या बाकावर पांढरा शर्ट, काळं जाकीट आणि काखेत जाडजूड फाईल अशा थाटात बसले होते.

"फाईल में क्या है?"

"कुछ नहीं. हाथ में फाइल हो तो आदमी बात सुनता है."

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दरेकसाला उतरलो. लहानसं स्टेशन, पाठीमागे डोंगर, सगळीकडे मोहाचा वास. आमच्या जातीचं गावात कोणतं घर, असं चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, एकच घराणं आहे, दुधरामचं. माझा जीव भांड्यात पडला. आई तर स्वतःच माहेरी आल्यासारखी पदर सावरून चालत होती.

दुधराम अंगणात बैल धुत होता. पन्नाशीचा, हसरा माणूस. त्याची आई कलाबाई ओसरीवर चारोळ्या फोडत होती. पाणी आलं, खाट आली, आईला कलाबाईनं आपल्याजवळ बसवून घेतलं. मी घसा साफ केला. पण तिवारीजींनी मला हातानं थांबवलं आणि मांडीवर फाईल ठेवून म्हणाले, "देखिए, ऐसा है कि आपके खानदान की एक बेटी थी. ये लोग उसके वारिस हैं."

वारिस! अंगणात बैल तेवढा हलत होता. दुधरामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं तिवारीजींचं काळं जाकीट पाहिलं, फाईल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आजकाल मुलीला बापाच्या जमिनीत वाटा मिळतो, आणि काळं जाकीट घातलेला माणूस फाईल घेऊन आला की तो कशासाठी येतो, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यानं कुंपणावरून हाक घातली, "अय खेमराज! लवकर ये. हिस्सा मांगायले आले."

चुलतभाऊ खेमराज आला. त्याच्यामागून भावकीतली आणखी माणसं आली. कुणाच्या हातात कुऱ्हाड होती. ती लाकूड फोडता फोडता तशीच आली असणार असं मी स्वतःला समजावलं.

"कसला हिस्सा?" मी हात जोडले. "आम्हाला फक्त तिचं नाव पाहिजे हो."

"नाव पायजे? कोठं? सातबाऱ्यावर?"

"दगडावर!"

"आज दगडावर म्हनान, उद्या जमिनीवर म्हनान," खेमराज म्हणाला. "आमाले का समजत नाही का जी? काऊन आले तुमी वकील घेऊन?"

तिवारीजी आता खुलासा करतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. वकील म्हटल्यावर ते किंचित ताठ बसले होते. आयुष्यभर पार्सलं मोजलेल्या माणसाला कुणीतरी प्रथमच वकील म्हटलं होतं आणि तो गैरसमज त्यांना एवढ्यात दूर करवत नव्हता. "कानून की बात करें तो..." असं त्यांनी सुरू केलं आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला.

शेवटी तोडगा निघाला. आमचा या जमिनीवर काही हक्क नाही, असं मी लिहून द्यायचं. त्याशिवाय गाडीला जाता येणार नाही. मी म्हटलं, आनंदानं. कोणाच्या तरी पोराची शाळेची वही आली. पिढ्या मोजून झाल्या, आणि खेमराजचं अक्षर चांगलं म्हणून तो लिहायला बसला. "लिहून देनार चंद्रशेखर... राहनार गोंदिया... कारने लिहून देतो का, दुधरामच्या पनज्याची बहीन नामे..." आणि तो थांबला. पेन वर धरून त्यानं विचारलं, "नाव काय टाकू?"



"तेच तर विचारायला आलोय," मी म्हणालो.

दुधराम चमकला. "तुमच्या घरची बाई. तुमालेच मालूम नाही?"

"तुमच्या घरची मुलगी. तुम्हाला माहीत नाही?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून कलाबाईकडे पाहिलं. कलाबाईनं चारोळ्यांचा दगड बाजूला ठेवला. "हाये ना मालूम," ती म्हणाली. "माही सासू लय सांगे तिच्या गोष्टी."

आई पुढे सरकली. मी खिशातून पेन काढलं.

"ते आमची कोसमटोलावाली फुफू," कलाबाई म्हणाली.

फुफू म्हणजे आत्या. माहेरच्यांनी तिला दिल्या गावाचं नाव दिलं होतं. सासरी ती दरेकसावाली आणि माहेरी ती कोसमटोलावाली. दोन्ही गावांनी तिला एकमेकांचा पत्ता चिकटवून परत पाठवलं होतं, आणि मधल्या जंगलात कुठंतरी तिचं नाव पडून गेलं होतं. मी पेन खिशात घातलं. एखाद्या माणसानं मोठ्यानं रडायला ती जागा वाईट नव्हती, पण कुऱ्हाडवाला अजून उभा होता.

आईनं मात्र धीर सोडला नाही. "पन तुमच्या घरी काय म्हनून बोलावत होते तिले? लहान असताना?"

कलाबाईनं बराच विचार केला. "ते नाही सांगता येत वो बाई. पन लय जिद्दी होती म्हने. भांडन झालं का अंगनात येगळी चूल मांडून बसे. पाच-सात वर्साची पोट्टी! बाप हात जोडे, तवा घरात येवे."

आई खदखदून हसली. "चूल!" ती म्हणाली. "आमच्या इथंबी चूलच मांडली वो!" आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या हातावर टाळी देऊन डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. त्यांना बघून कुऱ्हाडवालाही हसला आणि बसला.

खेमराजनं मात्र वाक्य अर्धं सोडलं नव्हतं. त्यानं लिहिलं: "नामे कोसमटोलावाली उर्फ दरेकसावाली." त्या बाईविषयी माणसाच्या हातून लिहिला गेलेला सर्वात मोठा मजकूर तोच असावा. मी सही केली. साक्षीदार म्हणून तिवारीजींनी इंग्रजीत सही केली, खाली दोन रेघा मारल्या. मग मात्र आम्ही सोयरे झालो. भात, वरण, मोठ्या झिंग्यांची भाजी असा पाहुणचार झाला. निघताना कलाबाईनं आईला लुगडं नेसवलं, ओटी भरली आणि म्हणाली, "आमची फुफू कदी आली नाही म्हने माहेरी परत. तुमी येत जा."

परतीच्या गाडीत आई नवं लुगडं चाचपत बसली होती. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. "हातात काहीच नाही आई," मी म्हणालो. "नाव मिळालंच नाही."

"दरेकसावालीच लिव म्हना," ती म्हणाली. "जन्मभर तेच आयकलं तिनं. त्या नावानं हाक मारली तं ओ तरी देईन. खरं नाव आनूनबी लिवलं असतं, तं तिले वाटलं असतं दुसऱ्याच कोनाची बोडी हाय."

हे मी पुढच्या ग्रामसभेत जसंच्या तसं सांगितलं. मागच्या बाजूच्या बायका "हो जी, हो जी" म्हणाल्या. ग्रामसेवक म्हणाला, दरेकसावाली हे नाव होत नाही, तो पत्ता होतो, आणि तोही दुसऱ्या तालुक्यातला. भुपेंद्रनं आपल्या आजोबांचं नाव पुढं केलं, तेव्हा दुसऱ्या पार्टीला ती म्हैस आठवली. भांडण टिपेला गेलं. वरून आदेश आला की वाद असेल तर नावच नको.

गाळ निघाला, दगड बसला, उद्घाटन झालं. आईनं दरेकसाचं लुगडं नेसलं होतं. तिनं चष्मा लावला, दगडासमोर उभी राहिली आणि अक्षरावर बोट ठेवून जोडत जोडत वाचलं, "त-ला-व... क्र-मां-क... दोन."

"एक कोठं हाये?" तिनं विचारलं.

एक नंबरचा तलाव कोसमटोल्यात नाही. कधीच नव्हता. मी ग्रामसेवकाकडे पाहिलं, तो नारळ फोडण्यात गुंतला होता. आईनं चष्मा उतरवला. मग पाळीवरून उतरली, पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन वर आली. तिचा हात इतका हलका लागला की मला भीती वाटली.

त्या रात्री मी जेवलो नाही. एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. आमच्याकडे लग्नात सुनेचं पाळण्यातलं नावही बदलतात. कुंदा हे आमच्या घरानं ठेवलेलं नाव. आमगाववाली हे गावानं. मग आमगावात बापाच्या घरी ती कोण होती? सकाळी उठून मी तिला विचारलं, "आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय गं?"

ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. "कायले पायजे? माही कोठं बोडी हाये?"

मी हट्टच धरला. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर, अल्का स्वयंपाकघरात आहे आणि तिवारीजी कुंपणाशी नाहीत याची खात्री करून, तिनं हळूच सांगितलं, "सगुना." आणि पदर तोंडाला लावून नव्या नवरीसारखी हसली. मी ते नाव त्याच दिवशी घराच्या दारावर लावायच्या पाटीसाठी पेंटरला सांगितलं. निदान एक तरी नाव वाचवलं, म्हणून मला आपला अभिमान वाटला.

पाटी तयार झाली. मी ती दारावर ठोकली, सरळ आहे ना बघितलं, आणि आत तोंड करून आनंदानं हाक मारली, "सगुणाबाई!"

आई समोरच बसली होती. सूप हलत राहिलं.

मी पुन्हा जोरात हाक मारली, "सगुणाबाई, बाहेर या!"

तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे रस्त्यावर पाहिलं. "कोनाले बोलावून राहिला रे?" ती म्हणाली. "कोनी आलं का?"